बिनक्लचची गाडी

औंढ्याहून हिंगोलीच्या बाजूला निघालं की डाव्या हाताला इस्माईल मिस्तरीचं गॅरेज लागायचं. गॅरेज म्हणजे काय, चार लाकडी खांब, वर पत्रे आणि खाली तीस वर्षं तेल प्यायलेली काळी माती. पाटी नव्हती. ज्याची गाडी बिघडली तो विचारत विचारत येतोच, आणि ज्याची बिघडली नाही त्याला पाटी दाखवून काय करायचं, असं इस्माईलचं म्हणणं. माणूस तिरकसच म्हणा ना. बोलणं थोडं, आणि त्यातलंही अर्धं गाडीशी. एखादं गिऱ्हाईक फार चऱ्हाट लावायला लागलं की हा बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि ते थकून गप्प होईपर्यंत वर काढायचा नाही.

एकाच माणसापुढं ही युक्ती चालत नसे. तो म्हणजे शिरड शहापूरचा कोंडीबा. जातीचा धनगर, बापाची मेंढरं सोडून ट्रकवर चढलेला. त्याचा ट्रक औंढ्यात आला की इस्माईलकडं थांबायचाच. बिघडला असो नसो. दोघं ट्रकच्या सावलीत बसून एकाच डब्यातलं खायचे आणि एकमेकांना नावं ठेवायचे. कोंडीबा म्हणायचा, तुझ्या हातानं गाडी नीट होती ती अल्लाची मेहरबानी. इस्माईल म्हणायचा, आणि तुझ्या हातात आठ दिवस नीट राहती ती तुझ्या बिरोबाची.

पंच्याण्णव साली उतारावर उभा केलेला तोच ट्रक सरकला आणि कोंडीबाचा डावा पाय चाकाखाली सापडला. नांदेडला नेलं. गुडघ्याच्या वर पाय काढावा लागला. इस्माईल भेटायला गेला तेव्हा कोंडीबा पलंगावर उताणा पडून छताकडं बघत होता. रडत नव्हता, कण्हत नव्हता. इस्माईल शेजारी बसला तसा तो एवढंच म्हणाला, "इस्माईल, क्लच कोण दाबंल रे आता?"

इस्माईल उठून बाहेर आला, व्हरांड्यात जरा वेळ बसला आणि तसाच एस.टी.त बसून घरी आला. पण तो प्रश्न त्याच्या मागं लागला तो लागलाच. पुढं दोन वर्षं कुठल्याही गाडीचा क्लच उघडला की त्याला कोंडीबा आठवायचा. आणि मिस्तरी माणूस, दिवसाला एक तरी क्लच उघडणारच की.

सत्त्याण्णव साली तो सामान आणायला लातूरला गेला. तिथं एका वाड्यात जुन्या गाड्यांचा लिलाव होता. भूकंपाच्या वेळी मदतीला आलेल्या कुठल्याशा परदेशी संस्थेची एक पिकअप त्यात उभी होती. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, रंग उडालेला, इंजिन मात्र ठणठणीत. पण कुणी हात लावीना. का, तर गाडीला दोनच पायडलं. एक ब्रेकचं, एक रेसचं. गिअर तिचे तीच बदलते म्हणे. लोक आत डोकावून हसत होते. क्लच नसलेली गाडी म्हणजे शेपूट नसलेला बैल, असं एकजण म्हणाला. इस्माईल हसला नाही. तो त्या दोन पायडलांकडं बघत उभा राहिला. डाव्या पायाला इथं कामच नव्हतं.

ती गाडी कोंडीबाच्या दारात कशी आली, परवान्यापायी वर्षभर किती चपला झिजल्या, ते सांगत बसलो तर दिवस मावळायचा. आली एवढं खरं. ज्या दिवशी कोंडीबा पहिल्यांदा ती चालवून गावाबाहेरच्या पाराला वळसा घालून आला, त्या दिवशी त्याच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि इस्माईलवरूनही ओवाळला. इस्माईल म्हणाला, "वैनी, मला काहून? मी काय गाडी हाय का?" ती म्हणाली, "नजर तुमाला बी लागती, भाऊ."

तेव्हापासून कोंडीबा शेळ्यामेंढ्या वाहायला लागला. शिरडच्या, डोंगरकड्याच्या धनगर-लमाणांची जनावरं बाजाराला न्यायची, आणायची. त्याचं नाव झालं ते हळू चालवण्यानं. मेंढपाळाचं पोर, जनावराचे पाय कसे उभे राहतात ते त्याला ठाऊक. आणि गाडीही अशी की गिअर कधी पडला ते कळायचं नाही. लोक म्हणायचे, कोंडीबाच्या गाडीत शेळी रवंथ करत जाती.

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या गाडीच्या केबिनचा खालचा पत्रा इंजिनानं तापायचा. कोंडीबाला एकच पाय, आणि त्या पायाचा तळवा भाजायला लागला. अनुसयाबाईनं एक दिवस आपल्या मनानं घोंगडी काढली. कोंडीबा लहानपणी मेंढरामागं पांघरून हिंडायचा ती, काळी, जाड. ती कापून तिनं पायाखाली अंथरली. घोंगडी कापू नये म्हणतात. धनगराच्या घरात देव बसवायचा तो घोंगडीवर, शपथ घ्यायची ती घोंगडीवर हात ठेवून. पण ती म्हणाली, कशापायी कापली ते देवाला कळतंय. कोंडीबा तेव्हापासून चप्पल काढूनच गाडीत बसायचा.

आणि इस्माईलनं त्या केबिनमध्ये पाय घातला नाही. त्याचे बूट म्हणजे ऑइलचे लगदे, हात कोपरापर्यंत काळे. मित्राच्या घरची घोंगडी, तिच्यावर कसा पाय द्यायचा? कोंडीबा म्हणायचा, ये की आत, बस. इस्माईल म्हणायचा, राहू दे, तूच बस. काम निघालं की कोंडीबा आत बसून पायडल दाबायचा आणि इस्माईल पुढून बॉनेटमधून सांगायचा. पाच वर्षं हे असंच चाललं आणि त्यात कधी काही अडलं नाही.

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि कोंडीबा गाडी घेऊन आला. म्हणाला, "चढाला दम टाकून राहिली रे. औंढ्याचा चढ रडत रडत चढली."

या गाडीत रेसच्या वायरीच्या शेजारून दुसरी एक बारीक वायर गिअरपेटीत जाते. ड्रायव्हरनं रेस किती दिली, हे ती पेटीला सांगते. ती बराबर असली तर पेटी वेळेवर गिअर बदलते. ढिली झाली तर पेटी घसरते, आणि जास्त ताणली तर पेटी गिअर धरून बसते आणि उशिरा, धक्का देऊन सोडते. तिचं माप एका हैदराबादी मिस्तरीनं इस्माईलला शिकवलं होतं. वायरीवर एक शिशाचा मणी असतो. रेस पार खाली दाबायची. मग तो मणी रबराच्या तोंडातून जेमतेम नखाच्या जाडीइतका बाहेर दिसला पाहिजे. ना जास्त, ना कमी.

इस्माईलनं बॉनेट उघडलं. "दाब."

"दाबलं."

"पार खाली?"

"पार खाली. टेकलं."

मणी दिसेना. रबराच्या आतच राहिला होता. वायर ढिली पडली, झालं, असं म्हणून इस्माईलनं नट फिरवून ती ताणली, मणी नखाइतका बाहेर आणला आणि बॉनेट लावलं.

चार दिवसांत कोंडीबा परत. आता गाडी दम तर टाकतेच, वर धक्के मारते. इंजिन ओरडत राहतं, गिअर पडत नाही, आणि पडला की मागून कुणी लाथ घातल्यासारखा पडतो. इस्माईलनं पुन्हा मणी बघितला. माप बराबर. पेटीचं ऑइल बदललं, जाळी धुतली. धक्के तसेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा इस्माईलनं अख्खा दिवस घातला. दर वेळेला कोंडीबा आत, हा बाहेर. दाब. दाबलं. पार खाली? पार खाली. मणी नखाइतका. आणि गाडी चालवली की लाथ. तीस वर्षांत इस्माईलला एखाद्या गाडीनं असं वेड्यात काढलं नव्हतं. त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

पुढच्या बाजाराला जे व्हायला नको ते झालं. डोंगरकड्याच्या थावराची गाभण शेळी हौद्यात होती. चढावर गिअर पडला, धक्का बसला आणि शेळी मागच्या फळीवर आपटली. पाय मोडला आणि पोटातलं करडू गेलं. कोंडीबानं रस्त्याच्या कडेला बसून, बांबूच्या चिपा लावून, आपल्या पटक्याच्या चिंध्या करून तिचा पाय बांधला. थावरा काही बोलला नाही. उलट कोंडीबाला चहा पाजला. त्याचं ते न बोलणंच कोंडीबाला लागलं.

तो इस्माईलकडं आला तो ठरवूनच आला. हिंगोलीचा हिरासिंग मिस्तरी म्हणत होता, ही परदेशी पेटी काढून फेकू, आपली साधी क्लचवाली बसवू, गाडी दहा वर्षं बघायला नको. कोंडीबानं त्याला हो म्हटलं होतं.

"शनवारी येऊन राहिला तो पेटी घिऊन," कोंडीबा म्हणाला. "जावई चालवंल. म्या बाजूला बसंन."

"अन् तू?"

"सांगितलं की. बाजूला बसंन. माझ्या हौसंपायी मुक्या जीवाला तकलीफ काहून?"

इस्माईलनं बॉनेटमध्ये डोकं घातलं. बॉनेटमध्ये काही काम नव्हतं.

शनिवारी सकाळी इस्माईलनं लुना काढली आणि शिरड गाठलं. कशाला चाललो हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. शेवटचं एकदा बघावं, एवढंच. दारात गाडी उभी, पण कोंडीबा नव्हता. हिरासिंगला वाट दाखवायला तो पहिल्या एस.टी.नं हिंगोलीला गेला होता. अनुसयाबाई शेळीला पाला घालत होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. इस्माईलनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि चावी मागितली.

त्यानं बॉनेट उघडलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की पायडल दाबायला कुणी नाही. मग लुनाजवळ जाऊन त्यानं बूट काढले, मोजे काढले, रांजणापाशी गेला आणि पाय धुवायला लागला. घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, राख लावून.

अनुसयाबाई बघत होती. "इस्माईलभाऊ, पाय काहून धुऊन राहिले?"

"घोंगडीवर पाय द्यायचाय, वैनी. आज दुसरं कुणी न्हाई."

"मंग द्या की. इतक्या दिवसांत दिला न्हाई?"

"न्हाई."

तिनं पाय पुसायला फडकं आणून दिलं.

इस्माईल ओल्या, स्वच्छ पायांनी आत बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा. टाच घोंगडीवर टेकवली आणि रेस दाबली. पायडल गेलं, गेलं आणि थांबलं. पण थांबलं ते मऊ. लोखंडाला लोखंड टेकलं की पायाला एक टणक निरोप येतो, तो आला नाही. मिस्तरीचा पाय तो, त्याला फसवता येत नाही. त्यानं आणखी जोर लावला. पायडल किंचित दबलं आणि परत वर आलं.

तो वाकला आणि घोंगडीचं टोक हातात धरलं. एकाखाली एक, दोन घोंगड्या. वरची नवी, चारी कडांनी दोऱ्यानं टाचलेली.

"वैनी, ही वरची कवा घातली?"

"दिवाळीत. जुनी टाचंखाली पार इरली होती. ह्यांच्या टाचंला फोड आला. एकच पाय हाय, भाऊ, म्या म्हणलं त्याला तरी जपावं." ती थांबली. इस्माईलचं तोंड बघून तिला कळायला लागलं. "काहून? काय झालं?"

इस्माईलनं दोन्ही घोंगड्या बाजूला सारल्या आणि पुन्हा रेस दाबली. पायडल दोन बोटं आणखी खाली गेलं आणि ठक्कन लोखंडाला टेकलं. दिवाळीपासून ज्या गाडीनं त्याला वेडं केलं होतं, तिनं सगळं सांगून टाकलं. पार खाली, पार खाली म्हणत कोंडीबा घोंगडीवर दाबत होता, आणि हा बाहेर उभा राहून त्या अर्धवट दाबलेल्या रेसवर मणी मोजत होता. गाडीला दम नव्हता कारण रेस पुरती मिळत नव्हती. आणि वायर मुळात ढिली नव्हतीच, त्यानं ती फुकट ताणून ठेवली होती. पेटी बिचारी काय करणार? तिला जे सांगितलं ते तिनं केलं.

"म्या केलं का हे?" अनुसयाबाईनं विचारलं. "ती शेळी... ते करडू..."

"तुमी न्हाई केलं. माझ्या बुटांनी केलं," इस्माईल म्हणाला. "मी एकदा जरी आत बसलो असतो, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दाबणाऱ्याच्या सांगण्यावर मिस्तरीनं माप घ्यायचं नसतं. आता रडू नका, काम हाय. तुमी इथं बसा."

"म्या?"

"मग कोण? मी मणी बघायला पुढं जाणार."

अनुसयाबाई आयुष्यात त्या जागेवर बसली नव्हती. तिनं पदर खोचला, दोन्ही घोंगड्या स्वतःच्या हातानं घडी करून मांडीवर घेतल्या आणि अनवाणी पायानं रेस दाबली. इस्माईलनं पुढून विचारलं, "लोखंडाला टेकलं?"

"टेकलं, भाऊ."

"बराबर?"

"थंडगार लागून राहिलं."

मणी रबराच्या तोंडातून अंगठ्याएवढा बाहेर लोंबत होता. इस्माईलनं नट सोडला. हळूहळू, एकेक आटा, वायर परत घेतली, मणी नखाच्या जाडीवर आणला आणि नट कसला. मग पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा बघितलं. तीनदा बघितलं.

घोंगडीचं काय करायचं ते अनुसयाबाईनंच ठरवलं. तिनं मेंढरं कातरायची कातर आणली. वरच्या नव्या घोंगडीचे टाके उसवले आणि पायडलाखालचा तुकडा जुन्या-नव्या दोन्हींतून अर्धगोल कापून काढला. टाचेखालचं मात्र दुहेरीच ठेवलं. "टाच कुठं काही दाबती," ती म्हणाली.

अकराच्या सुमारास हिरासिंगचा टेम्पो आला. मागं पेटी, पुढं कोंडीबा, काखेत कुबडी. अनुसयाबाईनं त्याला खाली उतरूसुद्धा दिलं नाही, सगळं एका दमात सांगितलं. मग जे भांडण सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. ती म्हणत होती चूक माझी, घोंगडी म्या घातली. इस्माईल म्हणत होता चूक माझी, मी आत बसलो नाही. कोंडीबा म्हणत होता, मीच टेकलं टेकलं म्हणून सांगत होतो, माझा पाय मेला होता का? चूक दुसऱ्याच्या पदरात टाकायची भांडणं हिरासिंगनं पुष्कळ बघितली होती. हे असलं ओढून घ्यायचं भांडण त्याला नवीन होतं. शेवटी तो म्हणाला, "गाडी चालवून बघा की. मंग घ्या वाटून."

हौद्यात तीन मेंढ्या आणि एक आठ दिवसांचं कोकरू चढवलं. त्यांच्यात अनुसयाबाई जाऊन बसली. हिरासिंग फळीला धरून उभा राहिला. कोंडीबानं चप्पल काढली आणि आत बसला. इस्माईल दुसऱ्या बाजूनं आला, अनवाणी, आणि पहिल्यांदाच कोंडीबाच्या शेजारी बसला.

गाव सुटलं. मग औंढ्याचा चढ लागला. थावराची शेळी जिथं आपटली ते वळण आलं तसे कोंडीबाचे हात स्टेअरिंगवर आवळले गेले. त्यानं रेस दाबली. इंजिनानं आवाज धरला, गाडी वर ओढली गेली आणि आवाज हलकेच खाली आला. कोंडीबा धक्क्याची वाट बघत राहिला. वळण मागं गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. माथ्यावर पोचल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि मान वळवून काचेतून मागं बघितलं. कोकरू अनुसयाबाईच्या गुडघ्याला लागून उभं होतं, चारी पायांवर, आणि तिचा पदर चघळत होतं.

"इस्माईल, गिअर पडले का रे?"

"तीनदा पडले."

"मला एक बी कळला न्हाई."

"कळायचाच न्हाई."

कोंडीबानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं, ते सोडलं आणि उजव्या पायाची टाच घोंगडीवर एकदा घासली. डोळे पुसले नाहीत. पाणी गालावरून वाहत होतं तसं वाहू दिलं.

"नांदेडला म्या तुला एक इचारलं होतं. याद हाय?"

"हाय."

"आता पुन्यांदा इचारणार न्हाई, बग."

इस्माईलला बॉनेटमध्ये डोकं घालायची फार गरज होती. पण बॉनेट बंद होतं आणि तो आत बसला होता, म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला.